सकाळची तपासणी, रात्रीची खूण

अधीर : काका, मला ही तपासणी बंद करायची आहे. सकाळी शटर वर केलं की बाहेर तीन-चार माणसं उभीच असतात. कुणाला प्रतिज्ञापत्र टाइप करून हवं असतं, कुणाला शाळेची प्रश्नपत्रिका, कुणाला लग्नपत्रिकेचं प्रूफ. आणि पीसी म्हणतो, सी ड्राइव्ह तपासायचा आहे, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबा. मी समोर असले तर दाबते. झाडू मारत असले तर वीस मिनिटं गेली. महिना झाला, रोज हेच. आणि वीस मिनिटांनी निकाल काय, तर काही अडचण आढळली नाही. बंद करायचा आदेश मला माहीत आहे. कमांडच्या काळ्या खिडकीत चेकएनटीएफएस लिहायचं, मग तिरकी रेघ आणि एक्स, मग सी आणि दोन टिंबं. एंटर मारलं की दुसऱ्या दिवसापासून शांतता. तरी तुम्हाला विचारतेय. तुम्ही नको म्हणणार हे ठाऊक आहे, पण का म्हणणार ते मला ऐकायचंय.

सावध : ताई, मी लगेच नको म्हणत नाही. त्या आदेशानं नेमकं काय बंद होतं, ते आधी बघू. सी ड्राइव्हवर एक छोटीशी खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. ड्राइव्हच्या स्वतःच्या माहितीच्या फाइलमध्ये ती असते आणि दोनच गोष्टी सांगू शकते, आहे किंवा नाही. पीसी सुरू होताना, तुमचं डेस्कटॉप दिसायच्याही आधी, ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्राम चालतो आणि एकेका ड्राइव्हवर ही खूण आहे का ते बघतो. असेल तर तपासणी. तुमचा एक्सवाला आदेश त्या प्रोग्रामला एवढंच सांगतो, की सीकडे बघू नकोस. खूण जागेवरच राहते. शिवाय उद्या डीसाठी तोच आदेश वेगळा दिलात, तर सीची सूट आपोआप रद्द होते, कारण प्रत्येक नवा आदेश जुन्यावर लिहिला जातो. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं, आणि मग बंद केलेली तपासणी परत कशी आली म्हणून ते हैराण होतात.

आणखी एक बघा. ही खूण हाताळायला विंडोजमध्ये एफएसयुटिल म्हणून आदेश आहे. खूण आहे का ते तो विचारू देतो, खूण करूही देतो, पण पुसू देत नाही. ती चेकडिस्कनं, म्हणजे तपासणी करणाऱ्या प्रोग्रामनंच पुसायची. माझ्या मते ही उणीव नसून मुद्दाम ठेवलेली अट आहे. घर तपासल्याशिवाय दारावरची चिठ्ठी काढायची नाही.

अधीर : अटीचा मान ठेवला असता, पण हीच खूण मी दिवसातून पाच वेळा पाहते आणि दुर्लक्ष करते. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह आणतं, मी लावते, खिडकी उघडते : यात काही गडबड असू शकते, तपासून दुरुस्त करू का? मी कधीच करत नाही. तरी फाइल उघडते, प्रिंट निघते, माणूस पैसे देऊन जातो. इतक्या वर्षांत एकाचीही फाइल त्यामुळे बिघडलेली मी पाहिलेली नाही. पाच वेळा खोटी ठरलेली हाक सहाव्या वेळी खरी कशी मानू? आणि सीचं म्हणाल, तर कारणही मला माहीत आहे. आमच्याकडे लाइट जाते. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही टिकत नाही. पीसी धाडकन बंद होतो, म्हणून सकाळी तपासणी येते. कारण कळलं, मग रोज विचारायचं कशाला?

सावध : इथे मी तुम्हाला अडवणार, कारण तुम्ही दोन वेगळ्या खुणांना एक समजताय. स्क्रीनवरचं वाक्य जवळजवळ सारखंच दिसतं, त्यामुळे दोष तुमचा नाही.

पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट पद्धतीनं आखलेला असतो. फॅटमध्ये ड्राइव्ह उघडला की खूण लागते आणि नीट बंद केला की जाते. म्हणजे तिथली खूण एवढंच म्हणते, की मला कुणीतरी उघडं टाकून गेलं. तुमचं गिऱ्हाईक सेफली रिमूव्ह न करता पेन ड्राइव्ह उपटून नेतं, म्हणून ती राहते. बिघाड असेलच असं नाही. विंडोज ९८ च्या काळात लाइट गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क यायचं, तेही याच खुणेमुळे.

तुमचा सी एनटीएफएसवर आहे. ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली आणि तिच्यात रोजनिशी आहे. एखाद्या फाइलच्या नोंदीत बदल करायचा असेल, तर आधी रोजनिशीत लिहायचं की मी अमुक करणार आहे, आणि मग करायचं. मधेच लाइट गेली, तर पुढच्या वेळी रोजनिशी वाचून अर्धवट काम पुरं करायचं किंवा मागे घ्यायचं. हे काही सेकंदांत होतं, तुम्हाला कळतही नाही. म्हणून नुसती लाइट गेल्यानं एनटीएफएसवर खूण लागायला नको. तिथे ती लागते ती विंडोजनं चालू असताना एखादी नोंद वाचली आणि ती बाकीच्या नोंदींशी जुळली नाही, तेव्हा. पेन ड्राइव्हची खूण म्हणते, मी उघडा राहिलो. सीची म्हणते, मी काहीतरी चुकीचं पाहिलं. तुम्ही पेन ड्राइव्हवरून सीचा निकाल लावताय.

लाइटचा काहीच संबंध नाही असंही नाही. डिस्क कधी कधी विंडोजला सांगते की लिहिलं, पण ते अजून तिच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत असतं. त्या क्षणी वीज गेली, तर रोजनिशी म्हणते एक आणि डिस्कवर असतं दुसरंच. तरीही महिनाभर रोज? तुमच्याकडे रोज रात्री लाइट जाते का?

अधीर : नाही. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. बाकीच्या रात्री मी नीट शटडाउन करते.

पण मग तुमचंच म्हणणं तुमच्यावर उलटतंय. सीची खूण म्हणते चुकीचं पाहिलं. तपासणी म्हणते काहीच चुकीचं नाही. मी निकालाची प्रिंट काढून आणली आहे, ही बघा. तिन्ही टप्पे पूर्ण, अडचण नाही, खराब सेक्टर शून्य. दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. साक्षीदार खोटा असेल तर त्याला रोज का बोलवायचं? आणि तपासणारा खोटा असेल, तर त्याच्या वीस मिनिटांचा उपयोग काय?

सावध : प्रिंट आणलीत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण स्क्रीनचं वर्णन करतात, निकाल कुणी वाचत नाही. तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशनच्या नोंदींत, विनइनिट नावाखाली १००१ क्रमांकानं पडलेला असतो. तुमच्या या कागदानं एक शक्यता आताच बाद केली. काही पीसींवर तपासणी सुरू होते, पण एखादा अँटिव्हायरस किंवा तसाच दुसरा प्रोग्राम ड्राइव्ह आधीच धरून बसलेला असतो. मग निकालात दोन ओळी लागोपाठ येतात : ड्राइव्ह थेट उघडता आला नाही, आणि विंडोजनं तपासणी पूर्ण केली. तपासणी झालेलीच नसते, खूण तशीच राहते, दुसऱ्या दिवशी तोच खेळ. तिथे त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकणं किंवा तो काढणं हाच इलाज असतो. तुमच्याकडे तसं नाही.

दुसरी शक्यता अशी, की खूण नाहीच. कुणीतरी कधीतरी तपासणीचा आदेश नोंदवून ठेवला आणि तो खोडला गेला नाही. रजिस्ट्रीत बूटएक्झिक्यूट नावाची एक जागा आहे. सुरू होताना काय चालवायचं, त्याची यादी तिथे असते. साधारणपणे तिच्यात एकच ओळ असते, ऑटोचेकची, शेवटी तारांकन. त्या ओळीत सीचं नाव स्वतंत्र घातलेलं राहिलं, तर डिस्क निरोगी असो की आजारी, तपासणी रोज होणार. साक्षीदारही खरा, तपासणाराही खरा, फक्त जुनं समन्स रद्द झालेलं नाही. तुमची दुकानातली बदली मुलगी आहे, किंवा मागे कुणी दुरुस्तीला आलं होतं, त्यांच्यापैकी कुणी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'चेक नाऊ' दाबलं होतं का?

अधीर : दिवाळीआधी एक जण आला होता. त्यानं बरंच काही दाबलं. पण ते सोडा. ही शक्यता खरी निघाली तर मीच बरोबर ठरते की. तपासणीच मुळात चुकीची चालली होती.

सावध : ठराल, आणि मला आनंद होईल. साध्या आदेशानं कळेल. चेकएनटीएफएस, सी आणि दोन टिंबं, एक्सशिवाय. मग तो काही बदलत नाही, फक्त सांगतो की या ड्राइव्हवर खूण आहे, का तपासणी हातानं लावून ठेवली आहे. तुम्ही एक्स लावणार होतात, त्याच्या आधी एकदा एक्सशिवाय चालवायचं.

मला खरी भीती तिसऱ्या शक्यतेची आहे. तपासणी होते, सगळं जुळतं, खूण पुसली जाते, आणि दिवसभरात ती पुन्हा लागते. म्हणजे बिघाड डिस्कवरच्या नोंदींत नाही, नोंदी करणाऱ्या हातात आहे. हात बरेच असतात. डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल सैल असेल. वीज पुरवणारा एसएमपीएस जुना झाल्यामुळे डिस्कला पुरता दाब मिळत नसेल. रॅमची पट्टी एखाद्या जागी चुकत असेल. सकाळी तपासणी चालते तेव्हा रॅमच्या त्या जागेचा वापर झाला नाही, म्हणून निकाल स्वच्छ. दुपारी पत्रिकेची मोठी फाइल उघडली, ती जागा वापरात आली, नोंद चुकीची वाचली गेली, खूण लागली.

अधीर : थांबा. रॅम चुकत असेल, तर चेकडिस्कही त्याच रॅममधून वाचतं ना? मग एखाद्या दिवशी ते चांगल्या नोंदीला चुकीची समजून "दुरुस्त" करेल. ज्याची नजर अधू आहे त्याच्या हाती तुम्ही रोज सकाळी खोडरबर आणि पेन्सिल देताय. मी दुर्लक्ष करते तेव्हा निदान काही खोडत तरी नाही.

सावध : हे खरं आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही, फक्त क्रम आहे. रॅम आधी तपासायची. तुमच्या विंडोज ७ मध्ये त्याची सोय आहे, एक रात्र लावून ठेवायची. ती स्वच्छ निघेपर्यंत डिस्कला दुरुस्ती करू द्यायची नाही. म्हणजे त्या एका रात्रीपुरता तुमचा एक्सचा आदेश मी स्वतःच देईन.

अधीर : मग माझ्या मनातलं खरं कारण सांगते. वीस मिनिटांचा मुद्दा त्याच्यापुढे काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी माझी आधीची डिस्क अशीच कुरकुरायला लागली. एका दुकानात दिली. त्यानं खराब सेक्टर शोधणारी मोठी तपासणी रात्रभर लावली आणि सकाळी म्हणाला, झालं, आता ठीक आहे. पीसी चालूही झाला. पण डी ड्राइव्हवर फाउंड नावाचा एक फोल्डर आला होता आणि त्यात नुसत्या क्रमांकाच्या फाइली. नावं गेली, फोल्डर गेले. चार वर्षांच्या पत्रिकांची मांडणी, मी स्वतः जुळवलेल्या चौकटी, गावातल्या दोन मंडळांच्या स्मरणिका. काही फाइली उघडल्या, त्यांच्या पोटात दुसऱ्याच फाइलींचे तुकडे. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, चेकडिस्कनं केलं, मी काय करू. आणि चेकडिस्कचा निकाल होता, दुरुस्ती यशस्वी. तेव्हापासून मला ते वाक्य सहन होत नाही. कुणाची दुरुस्ती? माझं तर सगळं गेलं.

सावध : ताई, त्या माणसानं चुकीचं काम केलं, आणि ते तुमच्या परवानगीशिवाय केलं. पण चेकडिस्क खोटं बोललं नाही, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, म्हणून सातबाऱ्याचं उदाहरण देतो. चेकडिस्क हा दप्तर तपासणारा माणूस आहे. सातबाऱ्यावर जे नाव आहे त्याचा फेरफार आहे का, एकाच गटावर दोन नावं लागली आहेत का, एखाद्या गटाला नावच नाही का, एवढं तो बघतो. बेवारस गट सापडला की एका वेगळ्या वहीत क्रमांक टाकून ठेवतो, तुमचा तो फाउंडचा फोल्डर म्हणजे हीच वही. दप्तर जुळलं की त्याच्या लेखी काम यशस्वी. शेतात ज्वारी उभी आहे की जळून गेली, हे बघायला तो बांधावर जात नाही. ते त्याचं कामच नाही. रात्रभर चालणाऱ्या मोठ्या तपासणीत तो बांधाबांधानं फिरतो खरा, पण तिथेही जमिनीवर पाय ठेवता येतो का एवढंच पाहतो. पीक कुणाचं आहे ते त्याला कळत नाही.

एनटीएफएसची रोजनिशीही तशीच. तीही दप्तराच्या नोंदींची असते. तुम्ही टाइप केलेल्या मजकुराची रोजनिशी तिथे कुणी ठेवत नाही.

अधीर : हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. स्क्रीनवर लिहिलेलं असतं की तपासणी होऊ द्या, अशी जोरदार शिफारस आहे. वाचणाऱ्याला वाटतं, माझ्या कामाची काळजी घेतली जातेय.

---

या जागी हा संवाद लिहिणाऱ्यानं दोन शब्द बोलणं भाग आहे. या दोघांचं म्हणणं माझ्याच तोंडून निघालेलं आहे, वेगवेगळ्या वर्षी. एका वर्षी मी तपासणी बंद केली आणि चार महिने खूष होतो. पाचव्या महिन्यात एक हिशेबाची फाइल उघडली, तर तिच्या मध्यावर एका फोटोचा कचरा होता. दुसऱ्या एका वर्षी मी तपासणी होऊ दिली आणि मरत चाललेल्या डिस्कवर तिनं रात्रभर चकरा मारल्या. सकाळी डिस्क बायोसमध्येही दिसेना. दोन्ही वेळा मी कुठला तरी नियम पाळत होतो. म्हणून पुढच्या भाषणांत कुणाची बाजू घ्यावी, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

---

सावध : तुमच्या आधीच्या डिस्कच्या बाबतीत काय व्हायला हवं होतं ते सांगतो, कारण या डिस्कलाही ते लागू आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यातले चारच आकडे बघायचे. क्रमांक ५ म्हणजे किती सेक्टर खराब म्हणून राखीव जागेत हलवले. क्रमांक १९७ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निकालाची वाट बघतायत. १९८ म्हणजे कितींवर डिस्कनं हात टेकले. हे तीन वाढत असतील तर डिस्क जाणार आहे. चौथा, १९९, हा डिस्कचा नसून वाटेचा आहे. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये किती वेळा निरोप चुकला, ते तो सांगतो. फक्त तोच वाढत असेल तर आधी केबल बदलायची. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलीसाठी लोकांनी डिस्क बदललेल्या मी पाहिल्या आहेत. त्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे सोळाच्या पायात लिहिलेले असतात, त्यामुळे अक्षरं दिसली की घाबरायचं नाही. सेटिंगमध्ये दहाचा पाया निवडता येतो.

पहिले तीन वाढलेले दिसले की मोठी तपासणी लावायची नाही. तुमची डिस्क ५०० जीबीची. सेकंदाला १०० एमबी वाचलं तरी पूर्ण वाचायला दीड तासाच्या जवळ जातं, आणि खराब जागी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, म्हणून रात्र लागते. मरणासन्न माणसाला गडाची पायरी न पायरी चढायला लावण्यासारखं आहे ते. आधी नक्कल करायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. मग दप्तराची दुरुस्ती नकलेवर करायची, मूळ डिस्कवर नाही. त्या दुकानदारानं हे केलं असतं, तर तुमच्या स्मरणिका कदाचित वाचल्या असत्या.

अधीर : मग माझा आक्षेप आणखी पक्का होतो. इतका विचार करून घ्यायचा निर्णय तुमची विंडोज दहा सेकंदांत घ्यायला लावते, तोही दुकान उघडायच्या वेळी. डिस्क मरतेय का, रॅम चुकतेय का, नक्कल आहे का, यातलं काहीही न विचारता दुरुस्ती सुरू करते. ही तपासणी नव्हे, ऑपरेशन आहे, आणि ऑपरेशनला सही लागते. मी बंद करा म्हणते तेव्हा, मला विचारल्याशिवाय हात लावू नका, एवढंच म्हणते.

आणि असं म्हणणारी मी एकटी नाही. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तो सांगतो की पूर्वी तिथे ठरावीक वेळा चालू केलं की, किंवा ठरावीक दिवस गेले की, काही झालेलं असो नसो, तपासणी व्हायचीच. २०११ च्या सुमारास त्यांनी ती सवय मुळातूनच काढली. बनवणाऱ्यांनाच कळलं की ठरावीक दिवसांनी तपासून काही निष्पन्न होत नाही.

सावध : त्यांनी दिनदर्शिकेवरची तपासणी काढली, खुणेवरची ठेवली. हा फरक माझ्या बाजूचा आहे. पण भाच्याच्या लिनक्सवरून मला एका कॉलेजच्या लॅबमधला पीसी आठवतो, आणि ती गोष्ट कुणाच्या बाजूची आहे हे तुम्हीच ठरवा. रोज सकाळी तपासणी. डिस्क बदलली, तरी रोज तपासणी. कारण निघालं बोर्डावरच्या सेलमध्ये. नाण्याएवढा, तीन व्होल्टचा. तो संपला होता, म्हणून रात्री वीज बंद झाली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. सकाळी इंटरनेट जोडलं की वेळ बरोबर व्हायची. पण लिनक्सच्या ड्राइव्हच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, की शेवटचं लिखाण अमुक तारखेला झालं. दुसऱ्या सकाळी मागे गेलेल्या घड्याळाला ती तारीख भविष्यातली वाटायची. भविष्यात लिहिलेली डिस्क म्हणजे नक्की गडबड, तपासा. सेल बदलला आणि तपासणी थांबली.

अधीर : माझ्या बाजूची! डिस्क ठणठणीत होती आणि तपासणी रोज डिस्कचीच व्हायची. दुखणं घड्याळात, औषध डिस्कला.

सावध : तपासणी बंद केली असती तर सेल संपलाय हे कुणालाच कळलं नसतं. हाक खरी होती, तिनं बोट चुकीच्या जागी दाखवलं.

अधीर : पण नवी डिस्क विकत घ्यायला लावणारी हाक खरी होती म्हणून काय करायचं? चुकीच्या जागी दाखवलेल्या बोटाचे पैसे त्या कॉलेजनं भरले. तुम्ही हाकेचा खरेपणा मोजताय, मी तिची किंमत मोजतेय. दोन्ही मोजायला नकोत का?

सावध : हवीत. आणि बनवणाऱ्यांनीही ती मोजली आहे, असं मला वाटतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून एनटीएफएसची तपासणी पुष्कळशी पीसी चालू असतानाच होते. कुठे चुकलंय त्याची टिपणं काढून ठेवली जातात आणि सुरू होताना फक्त तेवढ्याच जागा काही सेकंदांत दुरुस्त होतात. झेडएफएस नावाची दुसरी पद्धत त्याही पुढे गेली. तिथे सुरू होतानाची तपासणीच नाही. प्रत्येक तुकड्याची बेरीज लिहून ठेवलेली असते, आणि वाचताना ती जुळली नाही तर तिथल्या तिथे कळतं. म्हणजे ती पद्धत बांधावर जाऊन पीकही बघते. तुमच्या विंडोज ७ मध्ये या दोन्हींपैकी काहीच नाही. तिला दारात उभं करून विचारण्यापलीकडे फारसं काही येत नाही.

पण एक गोष्ट सोडून चालणार नाही. खूण असताना तपासणी टाळणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. सीवर कुठले तुकडे मोकळे आहेत याचा एक नकाशा असतो. ५०० जीबीत ४ केबीचे सुमारे १२ कोटी २० लाख तुकडे. त्या नकाशात एक भरलेला तुकडा मोकळा दाखवला गेला, तर विंडोज तिथे उद्याची फाइल लिहील, कालच्या फाइलीवर. त्या दिवशी कुठलीही खिडकी उघडणार नाही. तुमच्या जुन्या डिस्कवर फाइलींच्या पोटात दुसऱ्या फाइली सापडल्या, त्यातल्या काही चेकडिस्कच्या आधीच तशा झाल्या असतील. तुम्ही ज्याला हात न लावणं म्हणता, त्यात दिवसभर लिहिणं चालूच असतं.

अधीर : हे मला पटतं, आणि त्यानं माझी पंचाईत होते. म्हणजे तपासणी होऊ दिली तर एक धोका, टाळली तर दुसरा, आणि कुठला मोठा हे सकाळी साडेनऊला मला माहीत असायला हवं.

सावध : सकाळी नाही, आदल्या रात्री. नक्कल असेल तर दोन्ही धोके लहान होतात. नक्कल नसेल तर आज रात्री पत्रिकांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर टाका, बाकी सगळं नंतर.

अधीर : नक्कल घेईन. पण समजा, रॅम स्वच्छ निघाली. केबल बदलली. स्मार्टचे चारही आकडे ठीक. रजिस्ट्रीत जुनं समन्स नाही. सेल नवा. आणि तरीही सकाळी तपासणी आलीच, निकाल पुन्हा स्वच्छ. मग काय म्हणाल?

सावध : तपासणी चालू ठेवा म्हणेन. मला कारण कळलं नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही.

अधीर : आणि मी बंद करेन. नक्कल हातात असताना, ज्याला बनवणारा, दुरुस्त करणारा आणि वापरणारा कुणीच समजावू शकत नाही, अशा हाकेसाठी मी रोज वीस मिनिटं देणार नाही. माझा दिवसही खर्च होतो, काका. तो कुठल्याच नोंदीत येत नाही.

सावध : मग तिथवर जाण्याआधी एक आठवडा द्या. रोज रात्री शटडाउनच्या आधी काळी खिडकी उघडा आणि लिहा : एफएसयुटिल, डर्टी, क्वेरी, सी आणि दोन टिंबं. खूण आहे की नाही ते सांगेल. वहीत तारीख आणि उत्तर. सकाळी तपासणी आली का, तेही. रात्री खूण असेल तर ती दिवसा लागते, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदींत एनटीएफएसची ५५ क्रमांकाची नोंद शोधायची आणि त्या वेळेला तुम्ही काय करत होतात ते आठवायचं. रात्री नसेल आणि सकाळी तरी तपासणी आली, तर ती बंद होताना किंवा सुरू होताना कुठेतरी लागते, किंवा ते समन्स अजून तिथेच आहे.

अधीर : आणि कधी रात्री आहे, कधी नाही, असं निघालं तर?

सावध : तर वही घेऊन या. आणि मधल्या काळात तुम्ही एक्स लावलाच, तर ती तारीख एका चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या डब्यावर चिकटवा, म्हणजे माझ्यानंतर जो कुणी हा पीसी उघडेल त्याला कळेल, की इथे आवाज बंद आहे, तपासणी झालेली नाही.

अधीर : चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत मी कारणही लिहीन. ते काय लिहायचं, हे मात्र शनिवारपर्यंत ठरायला हवं. सोमवारी दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या आहेत.